दुसरी साक्ष

हात्सुए-सानांनी नकाशावर बोट टेकवलं आणि निशी-कसाई भागातल्या सुपरमार्केटचा सायकल-स्टँड एका झटक्यात समुद्रात बुडवला.

"इथे तोराझो-सु. तोराझोचा वाळूचा पट्टा. नोरीचं शेवाळ धरायला माझ्या तोराझो आजोबांनी पहिले बांबू रोवले ते इथेच."

कादंबरीने वहीत लिहून घेतलं. हे एक्केचाळिसावं नाव. भराव घालून बुजवलेला अख्खा किनारा ही एक्क्याण्णव वर्षांची जपानी बाई तोंडपाठ सांगत होती, तोही ओहोटीच्या वाटेसकट. कादंबरीला आपल्या पुण्यातल्या पेठेच्या गल्ल्याही अशा सांगता आल्या नसत्या. बाई ग्रेट होती, प्रश्नच नाही.

पण ती ज्याच्यासाठी ही नावं गोळा करत होती, त्या विद्यापीठाच्या ऐतिहासिक नकाशाचा नियम कडक होता. प्रत्येक नावाला दोन साक्षी हव्यात, त्याही एकमेकांशी न बोललेल्या माणसांच्या. चाळीस नावांना त्या मिळाल्या होत्या. तोराझो-सुला दुसरी मिळाली नव्हती, आणि शुक्रवारी यादी बंद होणार होती.

"या नावाशिवाय आजोबांचं काहीच उरलेलं नाही गं," हात्सुए-सान म्हणाल्या. मग नाइलाजाने, "कात्सुजीला माहीत आहे. पण तो सांगायचा नाही."

त्याच पट्ट्यावरून हात्सुए-सानांच्या आणि कात्सुजी-सानांच्या घरांचं भांडण झालं होतं. दोन गल्ल्यांच्या अंतरावर राहून साठ वर्षं बोलचाल बंद.

"अगं, टाक ना कुणाचं तरी नाव," घरी अंबरीष म्हणाला. "बघायला कोण येतंय?"

"आणि मग त्यांच्या चाळीस खऱ्या नावांवर कोण विश्वास ठेवणार? तू?" कादंबरी नवऱ्यावर फणकारली.

गुरुवारी सकाळी ती कात्सुजी-सानांच्या दारात उभी राहिली. अठ्ठ्याऐंशीचे कात्सुजी-सान रद्दीचे गठ्ठे बांधत बसले होते. तिने नकाशा पसरला. नाव आपण उच्चारायचं नाही, फक्त जागा दाखवायची, हाही नियमच.

"इथल्या जागेला काय म्हणायचे?"

त्यांनी नकाशाकडे पाहिलं, मग तिच्याकडे. कुणी पाठवलंय ते त्यांना कळलंच. आता यांनी भलतंच नाव सांगितलं की संपलं.

कात्सुजी-सानांनी सुतळी ओढून गाठ मारली.

"तोराझो-सु," ते म्हणाले. "पहिले बांबू त्या म्हाताऱ्याचे. आमचे वडील जन्मभर ती जागा आपली म्हणून भांडले. पण होडी काढताना तेसुद्धा तोराझो-सुच म्हणायचे."

त्यांनी ठसठशीत सही केली. कादंबरी कमरेत वाकली, आणि या वेळी ती नुसती रीत नव्हती.

"तुमची जागा कुठे होती?"

"ते तिने सांगितलंच असेल," म्हणत ते गठ्ठा उचलून आत गेले.

हात्सुए-सानांनी सांगितलेलं नव्हतं.

तिथून कादंबरी तडक त्यांच्याकडे गेली. सही दाखवली, होडीचं वाक्य जसंच्या तसं सांगितलं. हात्सुए-सानांनी डोळे पुसले, चष्मा चढवला आणि नकाशा पुढे ओढला.

"पेन काढ. एक नाव राहिलंय. त्यांच्या जागेचं."

"विसरला होतात?"

"विसरेन कशी? मुद्दाम सांगितलं नव्हतं."

तोराझो-सुला अगदी खेटून त्यांनी बोट ठेवलं. कादंबरीने नाव लिहिलं, अर्थ लिहिला, त्यांची सही घेतली. मान वर करून बघते तो हात्सुए-सान दारात बूट चढवत होत्या.

"कुठे निघालात?"

"कात्सुजीकडे. दुसरी सही नको का?"

"अहो, पण त्यांनी नाव सांगेपर्यंत तुम्ही त्यांच्याशी एक अक्षर बोलायचं नाही हं! नियम आहे."

"साठ वर्षं नाही बोलले," हात्सुए-सान काठी घेत म्हणाल्या. "आणखी पाच मिनिटं कळ काढेन."