ब्रेक मध्यम

विमान उतरलं तर सिग्वातूरच्या पदरात काय पडणार होतं, ते आधी पाहू. लेक, तीही ऐन नाताळात. विमान परत फिरलं तर मिळणार होती गावाची शाबासकी, "सिग्वातूर म्हणजे चोख माणूस." ती त्याच्याकडे आधीच ढीगभर साचली होती.

गावची धावपट्टी तो एकटा सांभाळायचा. बर्फ लोटायचा, वाळू टाकायची, मग गाडी पळवून करकचून ब्रेक दाबायचा आणि ती किती घसरते ते रेडिओवरून वैमानिकाला सांगायचं. "मध्यम" म्हटलं तर विमान उतरायचं; "वाईट" म्हटलं की वरूनच राजधानीला, रेक्याविकला माघारी. मागचे दोन नाताळ त्याने "वाईट" म्हटलं होतं, आणि दोन्ही वेळा त्याची लेक हाल्ला त्याच्या डोक्यावरून परत गेली होती.

यंदा तिने फोनवर बजावलं, "बाबा, या खेपेला परत फिरले ना, तर सरळ टेनेरिफला जाईन. उन्हात पाय पसरून बसेन. पुन्हा नाही हा खटाटोप."

"मी काय बर्फाला सांगू, पडू नकोस म्हणून?"

"सगळ्या गावाला शहाणपण सांगता, मग बर्फाने काय घोडं मारलंय?"

त्या दुपारी बर्फावर पाऊस पडला आणि पडल्या पडल्या गोठला. ब्रेक दाबताच सिग्वातूरची गाडी आडवी फिरली आणि कडेच्या दिव्याला घासून थांबली. रेडिओ खरखरला.

"काय म्हातारबा," वैमानिक एविंदुर विचारत होता, "धावपट्टी आहे की आरसा?"

"मध्यम."

"नक्की?"

"मध्यम म्हटलं ना!"

छोटं विमान छान टेकलं. मग थांबेचना. तिरकं होत गेलं, कडेच्या ढिगाऱ्यात नाक खुपसून, पंखा वाकवून गप्प झालं. सिग्वातूर पळाला, पडला, उठून पुन्हा पळाला.

बाकीचे धडधाकट उतरले. हाल्ला शेवटी आली, डावा हात पोटाशी धरून. खांद्याजवळचं हाड मोडलं होतं.

"माझंच चुकलं," एविंदुर ज्याला त्याला सांगत होता. "जरा पुढे टेकवलं मी."

सिग्वातूरने ते ऐकून घेतलं. शेडमध्ये तो लेकीच्या अंगावर घोंगडी टाकत होता, तेव्हा ती हळूच म्हणाली, "मी पुढे बसले होते, एविंदुरशेजारी. कानाला हेडफोन होता."

"फार दुखतंय का गं?"

"जेवलात का विचारलं की न जेवताच 'जेवलो' म्हणता ना, तोच आवाज होता, बाबा. मला वरच कळलं."

"मग बोलली का नाहीस?"

"मलाही यायचं होतं."

तो बाहेर गेला. एविंदुर वाकलेल्या पंख्यापाशी एकटाच उभा होता.

"मध्यम नव्हतं. वाईट होतं," सिग्वातूर म्हणाला.

एविंदुरने पंख्यावरचा बर्फ हाताने झटकला. मग म्हणाला, "माझीही पोरं इथंच गावात वाट बघत होती रे."

हाल्लाला हेलिकॉप्टर घेऊन गेलं. त्यात म्हाताऱ्याला जागा नव्हती.

आता कोणी काय भरलं ते पाहू. विमानाचं विमा कंपनीने भरलं. हाल्लाने एक हाड दिलं, आणि वर जे कळलं होतं ते ती कुणाला सांगणार नाही. सिग्वातूरने चौकशीतही खरं सांगितलं, म्हणून एविंदुर सुटला. सिग्वातूरकडून गाडीची किल्ली गेली, ते रास्तच. नवा माणूस तयार होईपर्यंत विमान बंद राहिलं, म्हणजे गावालाही भुर्दंड पडलाच. पण गाव त्याला एका शब्दानेही बोललं नाही. दुकानात तो आला की रांगेतले लोक सरकून त्याला पुढे जाऊ देतात. तेवढाच तो लवकर आटपून नजरेआड होतो.