झाडाला टेकून

बालवाडीच्या बाईंची सगळी नोकरी रडणाऱ्या मुलांना अंगणातल्या झाडाला टेकवून बसवण्यात गेली. पानांची सळसळ ऐकता ऐकता मुलं शांत व्हायची. ही युक्ती त्यांना स्वतःच्या लेकीमुळे सापडली होती; ती रडली की याच झाडाला टेकून गप्प व्हायची. ती पोर लहानपणीच तापात गेली, पण बाईंनी झाड सोडलं नाही.

आज एक नवी मुलगी रडत बाहेर पळाली. बाई धापा टाकत पोहोचल्या, तर ती खोडाला टेकून, डोळे मिटून गप्प बसलेली.

"कुणी गं शिकवलं तुला?"

"इथं बसलेल्या छोट्या ताईनं. म्हणाली, घाबरू नकोस, माझी आई येईल आता."

अंगणात दुसरं कुणीच नव्हतं. बाई खोडाच्या पलीकडे जाऊन बसल्या, आणि शाळा सुटली तरी उठेनात.