मला खाऊच्या फळीवर ठेवलं!

मी रेडिओ बोलतोय. हो, रेडिओच! माझ्या डब्याच्या झाकणावर बिस्किटांचं चित्र दिसलं म्हणून लगेच हात घालू नका. आतलं शेवटचं बिस्किट मामाने कधीच फस्त केलंय.

मला बनवलं त्याच्या भाचीने. पाहुणे आले की ती आतल्या खोलीत पळते, म्हणून मामा तिला घुमी म्हणतो. पण हात मात्र बोलके. तिने पुठ्ठ्याच्या नळीवर तांब्याची तार गुंडाळली, टूथपेस्टच्या झाकणाचं बटण केलं, जुन्या टेलिफोनमधला ऐकायचा भाग काढून मला जोडला. तापल्या कथलाने तारा जोडताना बोट दोनदा भाजलं, पण आईला कळू दिलं नाही. तिसऱ्या आठवड्यात मी पहिल्यांदा खरखरलो, तेव्हा ती एकटीच हसली.

मोठ्या शहरात हौशी लोकांचा मेळावा भरणार होता. घरी बसून यंत्रं बनवणाऱ्यांचा. अकरा वाजता परीक्षक फेरी मारणार आणि त्यांना आवडलेल्या दहा वस्तू बनवणाऱ्यांना सुट्टीत महिनाभर फुकट शिकवणार. घुमीला तेवढंच हवं होतं. तिच्या गावात हे शिकवणारं कुणीच नव्हतं.

मामा नळदुरुस्तीचं काम करतो. खिसा बेताचाच. रेल्वेचं आरक्षण नाही, मी सगळा प्रवास त्याच्या मांडीवर. समोरच्या बाई दोनदा म्हणाल्या, "उघडा की, लेकरं भुकेली आहेत." मुक्काम मामाच्या मित्राच्या खोलीत. तिथे आधीच पाच जण, आंघोळीला रांग. सकाळी रिक्षावाल्याने भाडं सांगितलं तेव्हा मामा म्हणाला, "घुमे, देवाने पाय काय नुसते चपला घालायला दिलेत?" तासभर चाललो.

पिशवी वाचावी म्हणून मामाने दुपारचं जेवण आपल्या अवजारांच्या पेटीत भरलं होतं. इथेच घात झाला.

दारावरच्या रखवालदाराने ती पेटी बघितली, तिच्यावरचं पान्ह्यांचं चित्र बघितलं आणि अदबीने म्हणाला, "या, कारागीर या." मामा आत! मग त्याने घुमीच्या हातात मला बघितलं.

"खायचं आत न्यायला बंदी आहे."

"अहो, तो..." घुमी पुटपुटली. मागून कुणी ओरडलं, "चला हो पुढे!" रखवालदाराने माझ्यावर 'खाद्यपदार्थ' अशी चिठ्ठी चिकटवली आणि मला फळीवर सरकवलं. "जाताना घे."

काय सांगू माझा संताप! डावीकडे तेल गळणारा डबा, उजवीकडे वास मारणारा. आणि खरं जेवण आत टेबलावर, मानाने!

टेबल सोडलं तर दुसऱ्याला देतात, म्हणून मामा तिथेच अडकला. घुमी एकटी परत आली आणि नुसती उभी राहिली. साडेदहा झाले. पावणेअकरा झाले. अगं बोल! मला तोंड असतं तर मीच बोललो असतो.

"तो डबा माझा आहे," ती एकदाची म्हणाली.

"खायचं असेल तर बाहेर बसून खा."

"खायचा नाही तो!" आवाज चिरकला, पण थांबला नाही. "तारांचे चोवीस जोड आहेत त्यात. सगळे मी केलेत. उघडून बघा!"

त्याने झाकण उघडलं. "अरेच्चा, तारा! मग आधी सांगायचं नाही का?"

"सांगत होते. तुम्ही ऐकलं नाहीत."

ती मला छातीशी धरून धावली. तार खिडकीला बांधते न बांधते तोच परीक्षक आले. त्यांनी मला कानाला लावलं, मान डोलावली आणि मामाकडे वळून विचारलं, "छान जमलंय हो. वेढे किती दिलेत?"

"मला काय विचारता? मी फक्त बिस्किटं संपवली."

सगळे हसले. परीक्षकही हसले आणि पुन्हा मामालाच म्हणाले, "विनोद राहू द्या. बटणाला हे झाकण लावायचं कसं सुचलं?"

"वेढे ऐंशी आहेत," घुमी म्हणाली. "आणि ते झाकण माझ्याच टूथपेस्टचं आहे."

"हो का? हुशार आहे हं भाची," असं म्हणून ते पुढे गेले. मागच्या मदतनिसाने वहीत नाव लिहिलं. कुणाचं? मामाचं!

घुमीने हात पुढे केला. "पेन द्या." तिने ते नाव नीट आडवी रेघ मारून खोडलं आणि खाली स्वतःचं लिहिलं. पूर्ण, आडनावासकट.

दुपारी यादी लागली. नवव्या क्रमांकावर तेच नाव होतं. नाहीतर सुट्टीत वर्गात मामाला बसावं लागलं असतं!

सध्या मी त्याच वर्गातल्या टेबलावर असतो. रोज कुणीतरी येतं, मला उचलतं, मग शेजारच्या उंच मुलाकडे बघून विचारतं, "तू केलास?" माझं अंग अजून तापतं. म्हणून एकच मागणं आहे. विचारायचं तर जरूर विचारा, पण नजर हातभर खाली आणा. ती तिथेच उभी असते, आणि आता उत्तर देते.