उंदीरसुद्धा शिवेना असा साबण

सकाळी मी धार काढायला बसले की दोन्ही करडं दाव्याला ओढ देऊन अशी ओरडायची, की शेजारची म्हातारी भिंतीपलीकडून विचारायची, "अगं, कापतेस की काय त्यांना?" मी म्हणायची, "नाही हो आजी, साबण करतेय!" थट्टाच होती ती. पुढे खरी झाली, म्हणून आता आठवलं की जीभ चावावीशी वाटते.

साबण माझ्या थोरल्या जावेचा. करायची ती, दूध माझं. मी तिला ताई म्हणते. एवढं रामायण झालं तरी तोंडात ताईच येतं, काय करू! पाच वर्षांपूर्वी माझ्या हातांना अशा भेगा पडल्या होत्या की विळा धरला तरी रक्त यायचं. बाजारचा साबण लागला की नुसती आग. ताईनं कुणाकडून तरी ऐकलं की शेळीच्या दुधाचा साबण भेगांना चांगला, आणि पदर खोचून मागे लागली. पहिले तीन घाणे वाया गेले. दुधात साबणाचा कॉस्टिक सोडा पडला की दूध करपायचं आणि असा वास सुटायचा की थोरले दीर ताट घेऊन अंगणात पळायचे. मग तिलाच सुचलं, आधी दुधाचा बर्फ करायचा आणि त्यावर कॉस्टिक चिमटी चिमटीनं सोडायचं. चौथा घाणा जमला. खोबरेल, एरंडेल, कोरफडीचा गर, चमचाभर मध आणि माझ्या शेळीचं दूध. वडी निघाली तांबूस, ओल्या मातीच्या रंगाची. महिनाभरात माझे हात भरून आले. ताईनं ते गालाला लावून बघितले आणि म्हणाली, "बाळाचे झाले गं!" हे मी विसरत नाही, म्हणून तर जास्त लागलं.

तिच्या मागच्या खोलीत फळ्या ठोकल्या होत्या. कापलेल्या वड्या तिथं दीड महिना सुकायच्या. ताई वडीच्या कोपऱ्याला जीभ लावून बघायची. झिणझिणली तर कच्ची, परत फळीवर. आणि उंदीर! तेल, दूध, मध, त्या मेल्यांना आणखी काय हवं? फळ्यांना बारीक जाळी मारली, तरी दर घाण्याला चार-पाच वड्या कुरतडायचेच. त्या विकता यायच्या नाहीत, म्हणून त्या माझ्या वाट्याच्या. उंदराच्या दातांनी नक्षी काढलेल्या साबणानं आमचं अख्खं घर आंघोळ करायचं.

शहरातल्या एका दुकानाला तो साबण आवडला. मग पाकीट छापलं. त्यावर फोटो कुणाचा? माझा! यंदाचीच गोष्ट. काळी शेळी व्याली, जुळी झाली. त्यातलं पांढऱ्या कानाचं करडू मांडीवर घेऊन मी दारात बसलेय, असा फोटो. आमचे हे म्हणाले, "चला, घरात एक तरी छापून आलं." मी आठ दिवस ते पाकीट येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवत होते.

पण यंदा गवतच उगवलं नाही. माझ्या तीन शेळ्या, त्यातल्या दोन आटल्या. राहिली काळी, आणि तिच्या पायाशी दोन तोंडं. मी ताईकडे गेले.

"ताई, थोडे दिवस दूध कमी घे. करडांना पुरत नाही."

"अगं, आत्ताच?" तिनं कपाळाला हात लावला. "दुकानाची माणसं सारखी येतात. सारा साबण तुझ्या दुधावर उभा आहे, आणि तूच पाय काढतेस? करडांना पिठाची पेज पाज. जगतात तेवढ्यावर."

"पांढऱ्या कानाचं अशक्त आहे गं."

"माझ्यासाठी एवढं कर. बहिणीसारखी आहेस म्हणून सांगते."

बहीण म्हटलं की मी विरघळते, हे तिला पक्कं ठाऊक. करडांना घटकाभर सोडायची, पुन्हा बांधायची आणि उरलेलं सगळं बादलीत. वर पेज. थोरलं करडू पेज प्यायचं. पांढऱ्या कानाचं तोंड बुडवायचं आणि माझ्याकडे बघायचं. त्याच्या बरगड्या मोजता यायला लागल्या. मी रोज म्हणायची, हा घाणा होऊ दे, मग सोडते तुला. एका सोमवारी धार काढून उठले तर ते दाव्याला ओढ न देता पडलेलं. पाय ताठ. मी त्याला चिंचेखाली पुरलं आणि लगेच हात धुऊन बादली ताईकडे नेली. बादली रिकामी जाऊ दिली नाही हो मी! ताईला सांगितलं, तर म्हणाली, "अरेरे! बरं, झाकण नीट लावलंस ना?"

त्याच दिवसांत माझे हात परत फाटायला लागले. ताई म्हणाली, "वारं किती सुटलंय बघ. वाऱ्यानं होतं." मी मान डोलावली. आणखी एक झालं होतं. चार महिने मला कुरतडलेली वडी मिळाली नव्हती. ताई अख्ख्या वड्या द्यायची, पांढऱ्याशुभ्र, घमघमणाऱ्या. मला वाटलं, धंदा वाढला तशी बाई उदार झाली. अशी मी शहाणी!

करडू गेल्याला आठ दिवस झाले असतील. बादली देऊन निघाले, अर्ध्या वाटेत आठवलं, झाकण तिथंच राहिलं. मागच्या दारानं परत गेले. सुकवायची खोली सताड उघडी. फळ्यांची जाळी काढून कोपऱ्यात गुंडाळून ठेवलेली. फळ्यांवर पांढऱ्या वड्यांच्या रांगा. जाळी नाही, मांजर नाही, आणि एकाही वडीला दात लागलेला नाही! खाली उंदरांच्या लेंड्या होत्या, म्हणजे मेले येऊन वास घेऊन गेले होते. मी पुढे झाले. भिंतीला खोकी लावलेली, आत तयार साबणाच्या विटेएवढ्या लाद्या. चुलीवर पातेल्यात एक वितळत होती, शेजारी अत्तराची बाटली. दुपारी ओतायचा, संध्याकाळी पाकिटात.

तरी माझं येडं मन म्हणतं, दूध घालत असेल यात शेवटी. मी परसात डोकावले. ताई लिंबाच्या झाडाखाली उभी होती आणि माझी बादली बुंध्याशी ओतत होती. माती पांढरी झालेली, माश्या घोंघावत होत्या. रोजचीच जागा असणार.

"ताई!"

ती दचकली, पण बादली पूर्ण पालथी करूनच वळली.

"अगं, तू गेली नाहीस?"

"दूध का ओततेस?"

"ओरडू नकोस, ऐकून घे." तिनं माझा दंड धरला. "दीड दीड महिना थांबून एवढा माल निघतो का? दुकानाला रोज हवा. लाद्या आणल्या की काम सोपं. सगळेच करतात."

"मग माझं दूध कशाला घेत होतीस?"

"दूध येताना दिसायला नको? माणसं येतात, बघतात. पाकिटावर तू आहेस. तू बादली घेऊन आली नाहीस तर विचारतील ना. आणि तुझे पैसे कधी ठेवलेत का मी? मग तुझं नुकसान काय झालं?"

"माझं करडू मेलं, ताई."

"ते अशक्तच होतं. तूच म्हणालीस."

शेळी जाते जिवानिशी आणि खाणारा म्हणतो वातड! आणि इथं तर खाल्लंही नाही कुणी, झाडाला घातलं. परक्यानं केलं असतं तर दोन शिव्या हासडून मोकळी झाले असते. हिनं माझे हात गालाला लावले होते. मी झाकण न घेताच घरी आले. आमचे हे म्हणाले, "घरातलं आहे, चव्हाट्यावर नेऊ नकोस." मी म्हटलं, बरं.

दोन दिवसांनी ताईनं निरोप धाडला, दुकानाची माणसं आलीत, बादली घेऊन ये. मी गेले, पण बादली नेली नाही. अंगणात पाचसहा माणसं, चहा चाललेला. त्यात एक बाई, कडेवर दोन वर्षांची पोर. पोरीच्या कोपरांना, गुडघ्यांना लाल चिरा, आणि ती सारखी खाजवत होती. बाईनं पाकीट पुढे केलं.

"मावशी, या तुम्हीच ना? हिला बाजारचा साबण सोसत नाही. हा तुमच्याच शेळीच्या दुधाचा ना?"

ताईनं माझ्याकडे बघितलं. डोळ्यांनी हात जोडले म्हणा ना. खरं सांगते, दीर समोर, घराण्याची अब्रू, पाच वर्षांचा जिव्हाळा, सगळं आडवं आलं. पण ती पोर खाजवत होती.

"नाही बाई," मी म्हटलं. "माझ्या दुधाच्या साबणाला उंदीर सोडत नाहीत. याला उंदीरसुद्धा शिवेना. जा, फळ्या बघून या. तुमच्या लेकीला लावू नका."

गोठ्याच्या कोनाड्यात जुनी एक वडी राहिली होती, तांबूस, एक कड उंदरांनी खाल्लेली. ती मी पदराला बांधून नेली होती. सोडून त्या बाईच्या हातात दिली. तिनं दातांच्या खुणा बघितल्या, नाक मुरडलं, मग हुंगली आणि पर्समध्ये ठेवली.

त्या दिवसापासून ताई माझ्याशी बोलत नाही. दुकान तुटलं, पण तिनं दुसरं गाठलं म्हणतात. मी बादली धुऊन पालथी घातलीय. थोरलं करडू दिवसभर मोकळं असतं, आईला ढुशा मारत पितं, तोंडाला फेस येईपर्यंत. माझ्या हातांच्या भेगा तशाच आहेत.

परवा शेजारच्या म्हातारीची नात शहरातून आली. तिच्या पिशवीत तोच साबण. पाकीट तेच, फोटोही तोच. मी पाकीट तेवढं मागून घेतलं. माझ्या मांडीवर पांढऱ्या कानाचं करडू बसलंय, पोट भरलेलं, कान टवकारून.