पाठांतराची खोली

ठमीने ओट्याशी पाटी उतरवली आणि "बोंबील घ्या गो" म्हणून हाळी द्यायला तोंड उघडलं, तोच नूतन ओल्या हातांनी बाहेर आली आणि तिने स्वतःच्या ओठांवर बोट ठेवलं.

"हलू. आत पाठांतर चाललंय."

ठमीने आतल्या बंद दाराकडे एकदा पाहिलं. वीस वर्षं ती करंजाहून मासळी घेऊन या आळीत येत होती. या घराची रीत तिला नवी नव्हती. तिने आवाज खाली आणला, ताजे बघून बोंबील टोपात टाकले आणि जाता जाता म्हणाली की पोर बापावर गेलं, बरं झालं. नूतन हो म्हणाली. हल्ली ती सगळ्यालाच हो म्हणायची.

पाठांतर हे या घरात देवाचं काम होतं. नूतनचा नवरा रामचंद्र दिवसा कंटेनर यार्डाच्या गेटवर उभा राहून ट्रेलरचे नंबर लिहायचा. पण उरणपासून पार थळपर्यंत लोक त्याला ओळखायचे ते जत्रेच्या नाटकांतल्या विनोदी कामांमुळे. तो रंगमंचावर येऊन नुसता उभा राहिला तरी बायका पदर तोंडाला लावायच्या. एकदा खेळ चालू असताना वीज गेली, तर या गृहस्थाने अंधारात फक्त शिंकून शिंकून अर्धा तास लोकांना हसवलं होतं. अजून कुणी शिंकलं की गावात म्हातारी माणसं म्हणतात, वीज गेली वाटतं.

नवं नाटक हातात आलं की रामचंद्र आतल्या खोलीत वही मांडीवर घेऊन भिंतीकडे तोंड करून बसायचा. मग टीव्ही बंद, मिक्सर बंद, दिराची पोरं अंगणाबाहेर. पाहुणा आला तरी नूतन त्याला ओट्यावरच पाणी द्यायची. तिचं शिक्षण सातवीपर्यंत झालेलं, नाटकातलं तिला फार कळत नसे. पण नवऱ्याच्या कलेत आपलाही वाटा आहे तो एवढाच, दाराबाहेरचा, असं ती समजायची आणि त्याचा तिला अभिमान होता.

गेल्या माघात त्याच खोलीत रामचंद्राने आपला जीव दिला. घराने 'अटॅक' सांगितलं. गावाने ऐकून घेतलं आणि पुढे कुणी काही विचारलं नाही. हवालदाराने मात्र विचारलं होतं, काही भांडणतंटा, काही मनाला लावून घेतलं होतं का. नूतनने मान हलवली होती. "नाय वो. पाठांतर करत होते. थळच्या लोकांनी बोलावलं होतं ना."

तिला रडू आलं नाही. दहाव्याला माणसं जमली आणि रामचंद्राचे किस्से सांगता सांगता हसायला लागली, मग हसल्याची लाज वाटून गप्प झाली, मग पुन्हा हसली. नूतनने सगळ्यांना चहा दिला. ती तेव्हापासून वर्षभर चहाच देत होती म्हणा ना. पाऊस आला गेला, गणपती आले गेले, आणि तिच्या अंगावर त्यातलं काहीच आलं नाही. बधिर झालेल्या दाताने चावावं तसं चाललं होतं.

आता वर्षश्राद्ध तोंडावर आलं होतं. नाट्यमंडळाने ठरवलं की त्या दिवशी देवळापुढच्या मैदानात रामचंद्राचं गाजलेलं नाटक करायचं आणि त्याचं जावयाचं काम त्याच्या मुलानेच, दिपेशने करायचं. काम देण्याच्या रीतीप्रमाणे मंडळी नारळ आणि वही घेऊन घरी आली. दिपेश चोवीस वर्षांचा, बापाच्याच यार्डात लागलेला. त्याने नारळ घेतला. पहिल्या दोन-तीन तालमी सोडल्या तर त्या दिवसापासून तो कामावरून आला की आतल्या खोलीत जाऊन दार लावून घेई. ताट अर्धं परत येई. नूतनने न सांगता टीव्ही बंद केला, पोरांना बाहेर काढलं. तिच्या हातांना ते काम पाठ होतं.

बोंबील साफ करून ती ओट्यावर आली, तर कोंडाजी तात्या काठी टेकून पायरीवर बसलेले. तात्या मंडळाचे प्रॉम्प्टर. चाळीस वर्षं पडद्याआडून कुजबुजून त्यांचा आवाजच तसा झाला होता, त्यामुळे या घरात त्यांना कधी गप्प करावं लागलं नाही. रामचंद्र कुठल्याही गावात काम करायला गेला तरी तात्यांना सोबत नेई. दुसऱ्याचा आवाज त्याला चालत नसे.

तिने पाणी दिलं. तात्यांनी मांडव कुठे घालणार, खुर्च्या किती सांगितल्या, असं काहीबाही सांगितलं.

"थळची मानसं पन येनार हायेत," ते म्हणाले. "नारळ परत गेला, पन त्यांनी राग नाय धरला. मोठ्या मनाची मानसं."

"कुठला नारळ?"

तात्यांनी तांब्या खाली ठेवला. तिला माहीत नाही हे त्यांच्या तेव्हा ध्यानात आलं. मग थांबत थांबत त्यांनी सांगितलं. रामचंद्र गेला त्याआधीच्या दसऱ्याला थळच्या मंडळाने त्याला कामाचा नारळ दिला होता, हे खरं. पण दिवाळीच्या आधीच तो नारळ आणि वही घेऊन तात्यांच्या घरी आला आणि हे थळला परत करून या म्हणाला. नट नारळ परत करत नाही. घरात मयत पडलं तरी तोंडाला रंग लावून उभा राहतो. तात्यांनी आयुष्यात अशी गोष्ट पाहिली नव्हती. रामचंद्राने घरी बोलू नका म्हणून हात धरले. तात्यांना वाटलं, मुंबईचं मोठं काम मिळालं असेल आणि सध्या लपवायचं असेल.

"कारन विचारलं मी," तात्या म्हणाले. "तर बोलला, तात्या, लोकं हसली की मना आता भ्याव वाटतं."

"मग?"

"मी हसलो गो." तात्यांनी काठीकडे पाहिलं. "मना वाटलं, नवीन वाक्य हाय."

नूतन खांबाला टेकून उभी होती. दिवाळी ते माघ, तीन महिने. रोज संध्याकाळी दार लागायचं आणि रोज ती बाहेर पहारा द्यायची. सख्खा दीर एकदा विचारायला आला होता, दादा हल्ली बोलत का नाही म्हणून. त्यालाही तिने पायरीवरून परत पाठवलं होतं. आणि एकदा, पौषात केव्हातरी, रामचंद्राने आपणहून दार उघडलं होतं. उंबऱ्यात उभा राहून तिच्याकडे बघत होता. ती तांदूळ निवडत होती. तिने विचारलं होतं, झालं का पाठ? तो म्हणाला, नाय, जरा राहिलंय. आणि दार लावून घेतलं.

"मग आत ते काय पाठ करत होते, तात्या?"

आयुष्यभर दुसऱ्यांना शब्द पुरवलेल्या तात्यांनी तांब्या उचलून उरलेलं पाणी पिऊन टाकलं. मग बहुधा विषय बदलावा म्हणून त्यांनी ज्यासाठी आले होते ते विचारलं. दिपेश आठ दिवस तालमीला आला नाही. ड्यूटी जास्त आहे का?

"ड्यूटी नाय. घरीच असतो. पाठांतर करतो."

"पाठांतर कसलं?" तात्या म्हणाले. "त्याला पयल्या दिवसापासून सगलं तोंडपाठ हाय. पालन्यात होता तवापासून ऐकतंय पोर. मना वही उघडायला पन लागली नाय."

हे ते कौतुकाने म्हणाले. नूतनला मात्र वर्षभरात पहिल्यांदा काहीतरी वाटलं, आणि ती भीती होती, शुद्ध भीती. तिने खांब सोडला, घरात शिरली, आणि पंचवीस वर्षांत जे केलं नव्हतं ते केलं. पाठांतर चालू असताना दार ढकललं. कडी लागलेली होती.

तिने दारावर हात मारला. एकदा, मग जोरात, मग दोन्ही हातांनी. शेजारची पोरं अंगणात येऊन बघायला लागली.

कडी निघाली. दिपेश पुन्हा जाऊन सतरंजीवर बसला, भिंतीकडे तोंड करून. वही त्याच्या मांडीवर होती.

"आये, पाठांतर चाललंय."

"मग म्हनून दाखव," ती म्हणाली. "मी ऐकते."

त्याने वहीचं पान उलटलं. तिला वाटलं, म्हण रे, एक वाक्य म्हण, वाट्टेल ते म्हण.

"नाटक येतं मना," तो शेवटी म्हणाला. "सकाली उठायला नाय जमत. कामावर जातो, पन गाडीचा नंबर दोनदोनदा वाचायला लागतो."

"कवापासून?"

"बाबांच्या आधीपासून."

नूतनने दाराची चौकट धरली. तिला ओरडावंसं वाटलं, आणि त्याला जवळ घ्यावंसं वाटलं, आणि यातलं काहीच तिला नीट करता येईना.

बाहेरून तात्यांनी आपल्या त्या दबक्या आवाजात विचारलं की पोरगा आज तालमीला येतो म्हणून सांगू का, मंडळी वाट बघत असतील.

"नाय येनार म्हनून सांगा," नूतन म्हणाली. तिचा आवाज पार रस्त्यापर्यंत गेला असेल. "त्याला बरं नाय."

"काय झालं?"

अटॅकसारखा कुठलातरी सोपा शब्द या वेळीही जिभेवर आला होता. तिने तो गिळला.

"म्हाईत नाय, तात्या. उद्या पनवेलला डॉक्टरकडं नेते, मग सांगते. पन त्याला बरं नाय. मंडळाला पन हेच सांगा."

दिपेशने अजून तिच्याकडे पाहिलं नव्हतं. पण त्याने वही मांडीवरून बाजूला ठेवली आणि जरासा सरकून सतरंजीवर तिच्यासाठी जागा केली.