अधिक महिन्यातला करार

अमेरिकेतल्या कॉलेजात तीन वर्षं बास्केटबॉल खेळून माझा भाऊ अक्षत सुट्टीला वेलिंग्टनजवळच्या लोअर हटमधल्या घरी आला, तेव्हा ओळखीच्या झाडून सगळ्या मराठी घरांनी त्याच्याशेजारी उभं राहून फोटो काढून घेतले. सहा फूट आठ इंचांचा मराठी मुलगा न्यूझीलंडमध्ये कुठे रोज बघायला मिळतो! तो खेळतो कसा, हे मात्र एकानेही विचारलं नाही.

खेळायचा चांगला. पण तिकडे आता कॉलेजच्या पोरांनाही जाहिराती मिळतात. त्याच्या रूममेटचा चेहरा गावातल्या बर्गरवाल्याच्या फलकावर झळकत होता, आणि स्टुडंट व्हिसावरच्या अक्षतला तसलं काम करायची परवानगी नव्हती. त्यात कोचने त्याच्याच जागी खेळणारे दोघे दुसऱ्या कॉलेजांतून आणले. चौथं वर्ष बेंचवर जाणार हे उघड होतं. नेमकी तेव्हाच ऑस्ट्रेलियातल्या एका क्लबची ऑफर आली. प्रोफेशनल करार, आणि त्याच्या जोडीला बुटांच्या कंपनीची जाहिरात. सही केली की कॉलेजच्या टीमचं दार मात्र बंद.

"इरा, आय वॉन्ट धिस," तो मला म्हणाला. "डिग्री काय, नंतर ऑनलाइन करेन. गुडघे नंतर असेच राहणार नाहीत."

तो एकवीस वर्षांचा होता. सहीला कुणाच्या परवानगीची गरज नव्हती. पण शाळेत असताना बाबा त्याला कडाक्याच्या थंडीत पहाटे प्रॅक्टिसला सोडायचे आणि गाडीतच बसून ऑफिसचं काम करायचे. ते तो विसरला नव्हता. बाबांनी हो म्हटल्याशिवाय सही करायची नाही, असं त्याने ठरवून टाकलं.

बाबांनी हो म्हटलं! "कर की," ते म्हणाले. "फक्त सध्या अधिक महिना चालू आहे. यात नवीन काही सुरू करत नाहीत. संपला की कर सही."

आमचे बाबा, मधुकरराव, वेलिंग्टनमध्ये कॉम्प्युटरचे सर्व्हर सांभाळतात. देवाला हात जोडतात तेही आईने आठवण केली तर. मी कपाळाला हात लावला.

"बाबा, क्लब काय पंचांग बघून टीम निवडतो का?"

"इतक्या वर्षांत मी तुझ्याकडे काही मागितलं नाही," ते माझ्याकडे न बघता अक्षतला म्हणाले. झालं. अक्षत विरघळला.

त्याने क्लबच्या मॅनेजरकडे मुदत मागितली. "नो वरीज, मेट," मॅनेजर म्हणाला, "पण फार ताणू नकोस." मी रोज अक्षतच्या मागे भुणभुण लावली, की आत्ता सही कर, बाबांना नंतर सांगू.

"नो, इरा. बाबा सेड यस," एवढंच त्याचं उत्तर.

अधिक महिना संपल्यावर दुसऱ्या सकाळी आईने देवापुढे साखर ठेवली. अक्षत अंघोळ करून लॅपटॉपसमोर बसला. ईमेलवर आलेला करार उघडेचना. त्याने मॅनेजरला फोन लावला. मॅनेजर अगदी सभ्यपणे बोलला. जागा एकच होती, वाट पाहिली, शेवटी दुसऱ्याला घेतलं.

"दे गॉट समवन एल्स," अक्षत म्हणाला. आईने तोंडाला पदर लावला.

"जाऊ दे," बाबा म्हणाले. "डिग्री तरी पूर्ण होईल." त्यांना वाईट वाटल्याचं दिसेना. परीक्षा रद्द झालेल्या पोरासारखे हलके दिसत होते ते.

माझं डोकंच फिरलं. "बाबा, हे घर तुम्ही पितृपक्षात घेतलंत. व्याजदर वाढेल म्हणून सर्वपित्रीच्या दिवशी सह्या केल्यात. आई नको म्हणत होती, तर तिलाच अडाणी ठरवलंत. तेव्हा कुठे गेलं होतं पंचांग?"

"ते घर होतं, इरावती," बाबा म्हणाले. "हा चेंडूचा खेळ आहे. खेळला तीन वर्षं, आता बास."

अक्षतने हळूच लॅपटॉप मिटला.

"म्हणजे तुम्हाला मी जायलाच नको होतं?"

"तुझ्या भल्यासाठीच..."

"मग नाही म्हणायचं होतंत, बाबा. मी भांडलो असतो तुमच्याशी. भांडून सही केली असती."



पुढच्या आठवड्यात तो अमेरिकेला गेला. वर्ष बेंचवर काढलं. डिग्री मिळाली, खेळायला मात्र कुठूनही बोलावणं आलं नाही. परत आल्यावर त्याने ऑकलंडकडे, हेन्डरसनला नोकरी धरली, मुद्दाम आमच्यापासून लांब. आईला फोन करतो. बाबांना द्यायला सांगत नाही.

डिग्रीचे पेढे बाबांनी गावभर वाटले. माझ्यापुढेही डबा धरला. मी घेतला नाही, आणि त्यांनीही पुन्हा घे म्हटलं नाही.