सहाशे बारा पोत्यांची नावं

दीक्षाने एंटर दाबला तेव्हा सकाळचे अकरा वाजले होते आणि काम दोन मिनिटांत आटोपणार होतं. दहा मिनिटं झाली तरी ते चाललंच होतं. पडद्यावर 'परवानगी नाही, परवानगी नाही' अशा ओळी सरसर वर सरकत होत्या. गेटवरच्या कॅमेऱ्याचे जुने फोटो पुसायला कोण परवानगी नाकारतंय, हे तिला कळेना. मग एका ओळीत मशीनच्या स्वतःच्या लायब्ररीचं, म्हणजे त्याच्या मूळ सामानाच्या कप्प्याचं, नाव दिसलं. तिने घाईघाईने काम थांबवलं.

कुरुंद्याजवळच्या या हळदीच्या गोदामात ते मिडरेंज मशीन, म्हणजे मधल्या आकाराचा जुना कॉम्प्युटर, तिच्या आधीपासून होतं. काळं, फ्रिजएवढं, हिरव्या अक्षरांत बोलणारं आणि कधी म्हणून बंद न पडणारं. मालक तातेराव त्याला कौतुकाने 'म्हातारा' म्हणत. दीक्षा नांदेडला युनिक्स ही कॉम्प्युटर चालवायची पद्धत शिकून आली, तेव्हा तिला कळलं की म्हाताऱ्याच्या पोटात युनिक्सचीही एक खोली आहे आणि तिथे जगभरच्या लोकांनी लिहून फुकट वाटलेली साधनं चालतात. तिने ती एकेक करून बसवली. शोधायचं एक, निवडायचं एक, पुसायचं एक. दिवसभराचं काम एका ओळीत व्हायला लागलं आणि बाई जरा हवेत गेल्या. माणसाला थोडं यश मिळालं की तपासून बघायचा कंटाळा येतो, तसा तिलाही आला होता.

आदेश साधा होता. फोटोंच्या फोल्डरमध्ये जा, तिथलं वर्षापेक्षा जुनं सगळं पुसून टाक. पण मागच्याच आठवड्यात तिने त्या फोल्डरचं नाव बदललं होतं. फोल्डर सापडलं नाही, आणि 'सापडलं नाही तर थांब' हे तिने लिहिलंच नव्हतं. मग पुसणं जिथे उभं होतं तिथूनच सुरू झालं, म्हणजे मशीनच्या थेट मुळापासून, जिथून सगळे फोल्डर फुटतात. नांदेडच्या क्लासातल्या मशीनवर मुळाशी नुसत्या फायली असत. इथे गोदामाचा सगळा कारभारही त्याच मुळाखाली, एखाद्या फोल्डरसारखा उघडा पडलेला असतो. हे तिच्या डोक्याला माहीत होतं. हाताला मात्र नांदेडचीच सवय होती.

मशीनचं स्वतःचं सामान कुलपात होतं, ते वाचलं. यंदाच्या फायली रोज उघडतात, त्यांची तारीख ताजी, त्याही वाचल्या. गेली ती 'जुनी जमा' नावाची फाईल. चांगला भाव येईल म्हणून लोकांनी दोन-दोन, तीन-तीन वर्षं ठेवलेल्या हळदीची नोंद. वर्षभरात त्यातलं एकही पोतं हललं नव्हतं, म्हणूनच त्या फायलीची तारीख जुनी राहिली होती. एकेचाळीस शेतकरी, सहाशे बारा पोती.

पोत्यावर नाव लिहायची या गोदामात पद्धत नाही. नाव दिसलं की व्यापारी माणूस बघून भाव करतात, म्हणून पोत्यावर फक्त नंबर. कोणता नंबर कोणाचा हे पावतीवर, आणि घरी पावतीला उंदीर लागतात म्हणून लोक ती ऑफिसातच ठेवून जात. गेल्या वर्षी अडगळ झाली म्हणून पावत्यांचे ते गठ्ठेही जाळून टाकले होते. पावती म्हणजे आता मशीनमधली एक ओळ होती. ती ओळ दीक्षाने पुसली होती.

शुक्रवारी काढलेली बॅकअपची, म्हणजे सगळ्या नोंदींच्या नकलेची, टेप तातेरावांच्या कपाटात असे आणि किल्ली त्यांच्याच खिशात. म्हणजे सांगणं भाग होतं. काट्यावर तिचे वडील, मुंजाजी, पोती मोजत होते. पंचवीस वर्षं त्या काट्याबद्दल कोणी तक्रार केली नव्हती. त्यांच्या समोरून जाताना तिने मान वर केली नाही.

तातेरावांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. रागावतील, ओरडतील, कदाचित आजच घरी पाठवतील, अशी तयारी करून ती उभी होती.

"म्हंजे जुन्या पोत्यांची नावं कुठंच न्हाईत?" त्यांनी विचारलं.

"टेपवर आहेत साहेब. किल्ली दिली तर तासाभरात परत आणते."

तातेरावांनी खिशाकडे हात नेला नाही. खुर्चीत मागे रेलून त्यांनी खिडकीतून गोदामाच्या पत्र्यांकडे पाहिलं.

"काहून एवढी घाबरून राहिलीस, लेकरा? बस." तिला त्यांनी आजवर कधी बस म्हटलं नव्हतं. "जो येऊन मागंल त्याला देऊ की आपण. न मागंल त्याची राहतील इथंच. आता ती सोजराबाई. नवरा गेला तिचा. आपली पोती किती हे तरी ठाऊक हाये का तिला? टेप राहू दे कपाटात."

"पण साहेब, माझ्या चुकीमुळं..."

"चूक तुझीच हाये. मी कुटं कुणाला सांगून राहिलो? तुमी दोघं बापलेक इमानदारीनं काम करता. मुंजाजीला कळलं की पोरीनं असं केलं, तर तकलीफ होईल त्याला. तू गप बस, मी बी गप बसतो."

त्यांचा आवाज इतका मायेचा होता की दीक्षाला थंडीच वाजली. चुकीची भीती तिला ठाऊक होती. ही भीती निराळी होती. आपली चूक कोणाच्या तरी कामाची ठरली होती, आणि ती आयुष्यभर त्यांच्या मुठीत राहणार होती.

खोलीत परत येऊन तिने दार लावलं. तातेरावांना एकच टेप माहीत होती. पण टेपा दोन होत्या, आलटूनपालटून वापरायच्या, आणि त्याआधीच्या शुक्रवारची टेप तिच्या ड्रॉवरमध्ये होती. सकाळच्या घाईत तिला ती आठवलीच नव्हती, आणि आजवर ती कधी वाचून पाहिलेलीही नव्हती. हिरवा दिवा लागला की झालं, असं मानून दीक्षा दर शुक्रवारी घरी गेली होती. तिने टेप मशीनमध्ये सारली. मशीन घरघरलं, थांबलं, पुन्हा घरघरलं. ती टेप कोरी निघाली तर काय, हा विचार तिला करवेना. बाहेर कोणाची चप्पल वाजली की ती दाराच्या कडीकडे बघे.

पस्तीस मिनिटांनी पडद्यावर एक ओळ आली. फाईल परत आली होती. एकेचाळीस नावं, सगळी जागेवर.

आनंद व्हायला हवा होता, झाला नाही. जे एकदा पुसलं गेलं ते पुन्हा पुसता येतं, आणि पुढच्या वेळी तातेराव चुकीची वाट बघत बसणार नव्हते. तिने यादी छापून घेतली आणि ती गोदामात गेली.

हमालांचा मुकादम जळबा पोत्यांच्या थप्पीला टेकून बसला होता. नंबर टाकायची काळी शाई आणि ब्रश त्याच्या शेजारीच होते.

"जळबाकाका, जुन्या पोत्यांवर नावं टाकायचीत. मी वाचते."

"नावं? आपल्याकडं तसली पद्धत न्हाई, बाई."

"आजपासून आहे."

जळबा कुरकुरत उठला. चौदा शेतकऱ्यांची नावं पोत्यांवर चढली आणि दारात तातेराव येऊन उभे राहिले. ब्रश जागीच थांबला. गोदामात वीसेक हमाल होते, सगळे बघायला लागले.

"दीक्षा, हे कुणी सांगितलं तुला?"

पळून जावं, माफी मागावी, कागद फाडून टाकावा, सगळं मनात येऊन गेलं. मग ती बोलली, पण तातेरावांशी नाही. काट्याजवळ बसलेल्या माणसालाही नीट ऐकू जाईल इतक्या मोठ्याने, सगळ्या गोदामाला उद्देशून.

"या सहाशे बारा पोत्यांची नावं आज सकाळी माझ्या हातून मशीनमधून पुसली गेली. चूक माझी आहे. परत आणलीत. पुन्हा तसं होऊ नये म्हणून पोत्यावर लिहून राहिलो आमी."

तातेरावांचा चेहरा तसाच राहिला, फक्त बोटं खिशातल्या किल्लीशी चाळा करत होती. आता त्यांच्यापाशी गप बसण्यासारखं काही उरलं नव्हतं. उद्या काय होईल, दोघांचं काम राहील का जाईल, हे दीक्षाला सांगता येत नव्हतं.

काट्यावरून मुंजाजी उठले. हळूहळू चालत आले आणि जळबाच्या शेजारी उभे राहिले. त्यांनी मुलीकडे पाहिलं, मग तिच्या हातातल्या कागदाकडे.

"वाच," ते म्हणाले. "पंधरावं नाव कोणाचं हाये?"